ससेक्समधली डोल आणि माझी कात्री

इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसाने लंडनच्या घड्याळाविषयी, राणीच्या वाड्याविषयी आणि मेणाच्या पुतळ्यांविषयी लिहायचं असतं. मी तिन्ही पाहिलं. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, वाड्याबाहेर उभं राहून पाय दुखले आणि पुतळे पुतळ्यांसारखेच होते. पण परत आल्यापासून पिंपळगावात जो तो वेगळंच विचारतो: "काय हो बाई, तिकडे जाऊन म्हणे तुम्ही दारू केलीत?" ही बातमी आमच्या जावयांनी पत्रातून फोडली. अर्धवट बातमीपेक्षा पूर्ण हकीकत बरी, म्हणून लिहायला बसले.

मी सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. घरची चार एकर द्राक्षबाग आहे, थॉमसनची. बाग यांची, पण विरळणीची कात्री माझी. घडातले बारके, वाकडे मणी काढून टाकायचे आणि उरलेल्यांना फुगायला जागा द्यायची, हे काम मी इतकी वर्षं केलंय की समोर कुणी द्राक्षांची बशी ठेवली तरी हात शिवशिवतात. दुबईला जाणाऱ्या पेट्यांची प्रतवारी माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय होत नाही. हे सगळं मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते समजावं म्हणून सांगतेय. बरं, थोडीशी बढाईही आहे.

गेलो, म्हणजे मी एकटीच गेले, ते नव्वद सालच्या ऑक्टोबरात. हे आले नाहीत. "ऐन छाटणीत बाग सोडून विलायतेला कोण जातं?" म्हणाले. मी गेले.

मिल्टन कीन्स

माझी मुलगी सुजाता आणि जावई प्रकाशराव राहतात ते गाव कुणीतरी कागदावर पट्टी ठेवून आखलेलं आहे. रस्ते सरळ, आणि जिथे रस्ता रस्त्याला भेटतो तिथे गोल फेरी. पहिल्या दिवशी घरी जाताना अशा चौदा फेऱ्या मोजल्या, मग डोळे मिटून घेतले. पायी चालणाऱ्यांसाठी लाल रंगाच्या वेगळ्या वाटा आहेत, पण त्यांवर चालणारी मीच. तिसऱ्या दिवशी फिरायला गेले आणि घर सापडेना; सगळी घरं एकाच आईची लेकरं. शेवटी एका घराच्या मागच्या दोरीवर माझं नऊवार लुगडं वाळताना दिसलं तेव्हा जिवात जीव आला.

त्या संध्याकाळी सुजाता म्हणाली, "आई, वीकेंडला आपण ससेक्सला जातोय. एमील आणि जीनकडे. त्यांचं हार्वेस्ट आहे. एमीलने तुला स्पेशली बोलावलंय. मी त्याला सांगितलं ना, माझी आई ग्रेप्समधली एक्स्पर्ट आहे म्हणून."

"जाऊन करायचं काय?"

"काय म्हणजे? द्राक्षं तोडायची. हे लास्ट इयर आहे त्यांचं. स्प्रिंगमध्ये ते जागा विकून एडिनबराला मूव्ह होतायत, मुलीजवळ."

एमील आणि जीन ही नावं मला पत्रांतून ठाऊक होती. लग्नानंतर सुजाता प्रथम ग्लासगोला गेली, तेव्हा ती आणि प्रकाशराव एमील-जीनच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत. जीन तिथलीच. एमील मूळचा स्वित्झर्लंडचा, तरुणपणी हॉटेलात स्वयंपाकी म्हणून आला आणि जीनमुळे राहिला. निवृत्तीनंतर त्याने दक्षिणेला, ससेक्समध्ये, उन्हाचा एक उतार घेतला आणि त्यावर द्राक्षं लावली. थंडीपावसाच्या इंग्लंडात द्राक्षं! ऐकून मला आधी हसू आलं आणि मग बॅगेतून माझी कात्री काढून मी तिला तेल दिलं. कात्री मी नाशिकहूनच आणली होती. का, ते विचारू नका. काही बायका अंगारा बरोबर घेतात.

ससेक्स, शुक्रवार

एमील चौऱ्याहत्तर वर्षांचा, ठेंगणा, हात मात्र आमच्या सालदारासारखे. जीन त्याच्यापेक्षा वीतभर उंच आणि तिचं इंग्रजी मला चार वाक्यांतलं एक कळे. तिनेही माझ्याबद्दल तेच म्हटलं, त्यामुळे आमचं छान जमलं. एमील मला "मादाम" म्हणे. घरी मला इतक्या मानाने फक्त वीजबिलवाला हाक मारतो.

आल्या आल्या त्याने मला उतारावर नेलं. माती पांढरी, खडूसारखी. वेली कमरेएवढ्याच. घड बघितले आणि मी मनात म्हटलं, अरेरे! मुठीएवढे घड, वाटाण्याएवढे काळे मणी, एकमेकांना चिकटलेले. याची ना कुणी विरळणी केलेली, ना काही. आमच्याकडे असा घड बाजारात नेला तर व्यापारी पेटीकडे नाही, माणसाकडे बघून हसेल.

"कसे आहेत?" एमीलने विचारलं.

"बारीक आहेत," मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, म्हणजे लगेच येत नाही.

"हो ना!" तो खूश होऊन म्हणाला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

रात्रीच्या जेवणाला त्याने चीजचा अर्ध्या चाकाएवढा गड्डा शेकोटीसमोर धरला. वरचा थर वितळला की सुरीने खरवडून उकडलेल्या बटाट्यावर ओढायचा. सोबत आंबट काकड्या. चव चांगली, पण दुसऱ्या बटाट्याला मला कंटाळा आला, म्हणून मी पिशवीतून लसणाची चटणी काढली. एमीलने चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि बाटली स्वतःच्या ताटाजवळ ओढून घेतली.

मग त्याने वाईन ओतली, इवल्याशा पेल्यांत. मी घेत नाही, म्हणून मला सफरचंदाचा रस. पण पेला ओठाला लावणार तोच त्याने हात वर केला. त्यांच्याकडे आधी प्रत्येकाच्या पेल्याला पेला लावायचा, आणि लावताना त्याच्या डोळ्यांत बघायचं. नजर चुकवली तर अपमान. आता आमच्याकडे सासूने जावयाच्या डोळ्यांत रोखून बघितलं तर त्याचा अर्थ वेगळा होतो. प्रकाशरावांनी पेला लावला आणि छताकडे बघितलं.

"अहो आई, तुम्ही इतकं स्ट्रिक्ट नका ना बघू," ते म्हणाले.

वाईनच्या बाटलीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती: गोरोन. मी विचारलं, म्हणजे काय? आणि एमीलने मला सगळं सांगितलं.

त्याचा मुलूख वॅले, ऱ्होन नदीचं खोरं. दोन्ही बाजूंनी बर्फाचे डोंगर आणि डोंगराच्या अंगावर दगडी बांधांच्या पायऱ्या, काही इतक्या अरुंद की वेलींची एकच ओळ मावते. पाऊस फार कमी. पाणी वर हिमनदीतून आणायचं, कड्याला टांगलेल्या लाकडी पाटातून, मैलोगणती. गावात पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. हे ऐकून मी सावरून बसले. पाणी आणि पाळी म्हटलं की आमच्या भागात कुणालाही झोप येत नाही. त्याचे आजोबा पाटकरी होते. पाटावर पाण्याने फिरणारं एक चाक असे आणि त्या चाकावर एक लाकडी हातोडा. पाणी वाहतंय तोवर हातोडा फळीवर ठकठक करत राही. आजोबा त्या ठोक्यांत गाढ झोपत. ठोका थांबला की जागे होत, कारण मग पाट कुठेतरी फुटलेला असे.

त्या बांधांवर पिकणाऱ्या दोन काळ्या द्राक्षांची मिळून त्यांची लाल वाईन होते. एक पीनो, एक गामे. पीनो जास्त, गामे कमी. पीनो नाजूक आणि मानी. गामे रसाळ, गप्पिष्ट. वेगवेगळे केले तर दोघंही अर्धेच वाटतात, म्हणून एका पिंपात घालायचे आणि एकत्र आंबवायचे. आमच्या भाजणीचं असंच असतं; नुसत्या ज्वारीचं थालीपीठ कुणी मागत नाही. या मिश्रणाचं नाव डोल. पण नाव फुकट मिळत नाही. रस काढला की त्यात काचेची नळी सोडून गोडी मोजायची, आपल्या डेअरीत दुधात सोडतात तशी. एमीलच्या वडिलांच्या तळघरात त्र्याऐंशी अंशांवर खडूची रेघ होती. त्र्याऐंशी आले तर डोल. त्याखाली आले तर तीच द्राक्षं, तोच बांध, तोच माणूस, पण वाईनचं नाव गोरोन. वाईट नव्हे, रोजच्या जेवणातली. पण डोल नव्हे.

"म्हणजे पस्तीसला पास," मी म्हटलं.

"इथे सहा वर्षांत सहा वेळा नापास," एमील म्हणाला.

गावी त्याचा थोरला भाऊ आहे, ल्यूसियँ. वडिलांचे बांध तो कसतो. एमीलने इंग्लंडात वेली लावल्या तेव्हा तो म्हणाला होता, धुक्यात गोरोनच पिकेल. दरवर्षी रस काढला की एमील त्याला फोन करून आकडा सांगतो आणि ल्यूसियँ "गोरोन" एवढंच म्हणून ठेवून देतो. पण यंदाचा उन्हाळा इंग्लंडला न शोभणारा कडक होता. गेल्या आठवड्यात एमीलने वेलीवरचे मणी चिरडून मोजले: पंच्याऐंशी! आणि तो फोन करून भावाला सांगून बसला, यंदा डोल.

"सांगायला नको होतं," जीन म्हणाली. मुद्दाम सावकाश म्हणाली, त्यामुळे मलाही कळलं.

शनिवार

सकाळी नऊला तोडणी सुरू झाली. एमील, जीन, सुजाता आणि प्रकाशराव ओळींमध्ये. माझे गुडघे उतारावर बोलतात म्हणून एमीलने मला गोठ्यात टेबलाशी बसवलं. "मादाम, तुमच्याइतका अनुभव इथे कुणाला नाही. खराब मणी तेवढे काढा."

सांगते, त्या क्षणी मला शाळेतल्या निवृत्तीच्या समारंभातही वाटला नव्हता इतका अभिमान वाटला. पहिला क्रेट आला. मी कात्री उचलली. बुरशीचे मणी काढले, ते काही फार नव्हते. मग घडाकडे नीट बघितलं. टपोरे मणी होते, आणि मधे मधे सुरकुतलेले, बारके, म्हाताऱ्याच्या कातडीसारखे. ते खराबच. कचाकच उडवले. घड कसा मोकळा दिसायला लागला! दुसरा क्रेट, तिसरा. हात असे चालले की विचारू नका. सुजाता क्रेट ठेवायला यायची आणि म्हणायची, "वॉव आई, किती नीट दिसतायत!" दुपारपर्यंत पीनोचे जवळजवळ सगळे घड असे झाले की थेट दुबईला पाठवावेत. सुरकुतलेल्या मण्यांची एक ढकलगाडी भरली. ती मी प्रकाशरावांना मागे नेऊन टाकायला सांगितली.

तीन वाजता पीनो आणि गामे एकत्र चिरडले. एमीलने उंच काचेच्या भांड्यात गाळलेला रस घेतला, आत नळी सोडली. ती बुडाली, वर आली, डुलली, थांबली. एमीलने चष्मा पुसला. परत बघितलं.

"एकोणऐंशी," तो म्हणाला.

त्याने नळी धुतली, कोरडी केली, परत सोडली. एकोणऐंशीच. मग तो एका पालथ्या क्रेटवर बसला आणि जीनचा हात धरून म्हणाला, "ल्यूसियँ बरोबर होता. जमीनच तशी नाही. गेल्या आठवड्यात मी बघण्यात चुकलो असेन. म्हातारे डोळे."

मला फार वाईट वाटलं. काय बोलावं कळेना तेव्हा माणूस हात चालवतो. मी टेबलावर उरलेला माझा एक सुंदर टपोरा मणी तोंडात टाकला. पाणचट. बरा होता, पण पाणचट. टेबलाखाली एक सुरकुतलेला पडला होता. तो उचलला, पदराला पुसला आणि चाखला.

साखर हो, नुसती साखर! पानावर टाकलेला गुळाचा खडा जणू. जिभेवरून उतरेचना.

आता इथे मला कबूल केलं पाहिजे की मी तिथे थोडा वेळ, म्हणजे चांगली दोन मिनिटं, गप्प उभी राहिले. कुणाला काही ठाऊक नव्हतं. जमिनीवर खापर फुटलं होतं आणि जमीन काही बोलत नाही. मला रविवारी परत जायचं होतं. खपून गेलं असतं. पण तो म्हातारा स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होता, आणि सव्वीस वर्षं मुलांना मी हेच सांगत आले की उत्तर चुकलं तर पायरी शोधा. पायरी मला सापडली होती. पायरी मीच होते.

"सुजाता, यांना सांग," मी म्हटलं, "की गोडी मी कापून टाकली."

"आई, काय बोलतेस?"

"सांग त्यांना. आमच्याकडे मणी मोठा तो चांगला. खायच्या द्राक्षाचा हिशेब मी यांच्या द्राक्षाला लावला. बारके, सुरकुतलेले सगळे काढले. साखर त्यांच्यात होती."

सुजाताने सांगितलं. एमील माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, टेबलाखाली हात घालून एक सुरकुतलेला मणी शोधला, चाखला आणि ओरडला, "कुठे आहेत? ते मणी कुठे आहेत?"

सगळे प्रकाशरावांकडे वळले. प्रकाशरावांचा चेहरा पडला.

"आई म्हणाल्या मागे टाका, म्हणून मी बॅक गार्डनमध्ये... म्हणजे, ते जीनच्या चिकन्सच्या तिथे..."

आम्ही धावलो. मी नऊवारी खोचून धावले. जीन सांगते, सगळ्यांत पुढे मीच होते. ढकलगाडी खुराड्याच्या दाराशी कलती करून ठेवलेली. आमच्या जावयांनी निम्मी ओतली होती आणि निम्म्यावर चहाची आठवण होऊन तशीच सोडून आले होते. त्यांच्या आळसाला मी आयुष्यात प्रथमच दंडवत घातला. गाडीतला माल शाबूत होता. जमिनीवर ओतलेल्यावर मात्र अकरा कोंबड्या तुटून पडल्या होत्या आणि एक कोंबडा बाजूला उभा राहून जांभळ्या चोचीने ढेकर दिल्यासारखं करत होता.

गाडी आणली. मणी चिरडून पिंपात घातले, घोटले, तासभर थांबलो. एमीलने परत नळी सोडली. नळी डुलली. थांबली.

ब्याऐंशी.

एक अंश! तो एक अंश त्या अकरा कोंबड्यांच्या पोटात गेला होता. प्रकाशराव खाकरले. "एमील, लिसन, एक अंश म्हणजे काही नाही. थोडी शुगर घाल ना. लीगल आहे इथे. दोन चमचे मोठे. कोणाला कळणार आहे?" मी शाळेत असताना चौतीसला एक मार्क कृपेचा देऊन पुष्कळ पोरं पुढे ढकलली आहेत, त्यामुळे मला हे अगदी रास्त वाटलं आणि मी जोरात मान हलवली.

एमील म्हणाला, "घालतात. पण नळीने मोजून झाल्यानंतर. आधी वेलीने काय दिलं ते लिहायचं."

आणि तो फोन करायला आत गेला. "एमील, मलाही बोलू द्या," मी मागे मागे गेले. "तुमच्या भावाला सांगते, चूक माझी." त्याने नुसता हात केला, थांबा.

तो त्याच्या भाषेत बोलत होता. आम्हाला दोनच शब्द कळले, "मादाम" आणि कात्रीची बोटांनी करून दाखवलेली खूण, जी फोनवरून दिसणार नव्हती. मग तो खूप वेळ ऐकत होता. जीन दाराला टेकून उभी. मी पदराचं टोक पिळत होते. शेवटी त्याने फोन ठेवला, पण हात त्यावरच ठेवला.

"काय म्हणाला?" जीनने विचारलं.

"आधी म्हणाला, गोरोन." एमीलने नाक पुसलं. "मग मी सांगितलं काय झालं ते. तो हसला. ल्यूसियँ! हसला. म्हणाला, कहाणी चांगली आहे, कोंबड्यांची तर फारच. मग विचारलं, नळी वाचताना तिथे आणखी कोण होतं? म्हटलं, घरचेच. म्हणाला, म्हणजे तुला त्र्याऐंशी सांगता आलं असतं. म्हटलं, आलं असतं."

"मग?"

"म्हणाला, तू ब्याऐंशी सांगितलंस, म्हणून बाकीचंही खरं मानतो. वेलीवर डोल होती."

जीनने त्याला जवळ घेतलं. सुजाता रडायला लागली, मीही लागले, आणि प्रकाशराव चहा ठेवायला गेले. थोड्या वेळाने एमील गोठ्यात परतला. पिंपासमोर उभा राहून त्याने खडू घेतला आणि आम्हा सगळ्यांसमोर, शाळेतल्या पोरासारखा वळणदार अक्षर काढत, लिहिलं: गोरोन.